सर्वांत जवळचं गाव

शेतात एक अनोळखी माणूस मरून पडलेला सापडतो. त्याला कुणीतरी मारलं आहे, पण कुणी ते कळत नाही. तो कोण, कुठला, कुणाचा, हेही कळत नाही. अशा वेळी काय करायचं? ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात याची रीत सांगितली आहे. आसपासच्या गावांतल्या वडीलधाऱ्यांनी आणि न्यायाधीशांनी तिथं यायचं. देह पडला आहे तिथपासून प्रत्येक गावापर्यंतचं अंतर मोजायचं. जे गाव सर्वांत जवळ भरेल, त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी ओढ्याकाठी एक विधी करायचा, हात धुवायचे आणि या माणसाचं रक्त आमच्या हातून सांडलेलं नाही, असं देवासमोर सांगायचं.

पुढच्या काळातल्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या पंडितांना, इथं एक शंका आली. गावच्या वृद्ध, प्रतिष्ठित माणसांवर खुनाचा संशय घेणार तरी कोण? मग त्यांना हात धुवायला का लावायचे? ‘तालमूद’ या ग्रंथात त्याचा उलगडा येतो. वडीलधाऱ्यांना जे सांगायचं असतं ते वेगळंच असतं. हा माणूस आमच्या दाराशी आला आणि आम्ही त्याला उपाशी धाडलं, असं घडलेलं नाही. तो एकटा निघाला आणि आम्ही त्याला वाटेपर्यंत सोबत केली नाही, असंही घडलेलं नाही.

या लहानशा कायद्यात एक मोठा विचार दडलेला आहे. परक्या माणसाशी आपलं नातं रक्तावरून, पंथावरून किंवा ओळखीवरून ठरत नाही. ते अंतरावरून ठरतं. जो जवळ आहे, त्याचं देणं. मेलेला माणूस या देण्याची परतफेड करणार नाही, त्याचे नातेवाईकही येणार नाहीत, तरीही देणं चुकत नाही.

दयेची तीन मापं

अशा दयेला हिब्रू भाषेत ‘हेसेद’ म्हणतात. बायबलच्या ज्या भागाला ज्यू आपला धर्मग्रंथ मानतात, त्यात हा शब्द जागोजागी येतो. देवाची माणसावरची माया, मित्राची मित्राशी निष्ठा, सुनेनं सासूसाठी केलेला त्याग या सगळ्यांसाठी तो वापरला आहे. रूथची कथा तर सगळीच या एका गुणाभोवती फिरते. नामी नावाच्या बाईचा नवरा आणि दोन्ही मुलगे परक्या मवाब देशात मरतात. ती विधवा सुनांना माहेरी परत जायला सांगते. मृतांवर आणि माझ्यावरही तुम्ही दया केलीत, अशा शब्दांत त्यांना निरोप देते. रूथ नावाची सून मात्र जात नाही. म्हाताऱ्या, कफल्लक सासूबरोबर ती बेथलेहेमला येते आणि लोकांच्या शेतात पडलेली कणसं वेचून दोघींचं पोट भरते. शेताच्या कडा पुरत्या कापू नयेत, पडलेली कणसं गोळा करू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत, अशी आज्ञा ‘लेवीय’ या पुस्तकात आहे. रूथ त्याच हक्कानं शेतात उतरते. ती स्वतः परकी आहे, आणि सासूच्या गरिबीत तिच्यासाठी काहीही ठेवलेलं नाही.

दान आणि हेसेद यांतला फरक तालमूदनं तीन मापांनी मोजला आहे. दान पैशानं करता येतं. हेसेद पैशानंही करता येते आणि स्वतःच्या देहानंही. दान गरिबाला द्यायचं असतं. हेसेद गरिबाला आणि श्रीमंताला दोघांनाही लागते, कारण आजारपण, एकटेपणा आणि शोक श्रीमंतालाही चुकत नाहीत. दान जिवंत माणसालाच देता येतं. हेसेद जिवंतांवरही होते आणि मेलेल्यांवरही.

या तिसऱ्या मापाशी ज्यू परंपरा विशेष थांबते. ‘उत्पत्ति’ या पुस्तकात म्हातारा याकोब मिसर देशात मरणपंथाला लागतो. तो मुलाला, योसेफाला, जवळ बोलावतो. मला इथं पुरू नकोस, माझ्या पूर्वजांच्या शेजारी नेऊन ठेव आणि माझ्यावर एवढी खरी दया कर, असं मागतो. या ‘खरी’ या विशेषणावर अकराव्या शतकातले भाष्यकार राशी यांनी टीप लिहिली. मृतांवर केलेली दयाच खरी, कारण तिथं परतफेडीची आशा ठेवायला जागाच नसते, असा तिचा आशय आहे. जिवंत माणसाला मदत करताना मनाच्या कोपऱ्यात काहीतरी हिशेब असू शकतो. आज मी त्याच्या उपयोगी पडलो, उद्या तो माझ्या पडेल. मेलेल्या माणसाशी असा हिशेब मांडता येत नाही.

इसवी सनापूर्वीच्या काळातले सोखोचे अँटिगोनस नावाचे एक पंडित होऊन गेले. मजुरीसाठी मालकाची चाकरी करणाऱ्या नोकरासारखे होऊ नका, मजुरीची आशा न धरता सेवा करणाऱ्यासारखे व्हा, अशी त्यांची शिकवण होती. फळाची आशा सोडून कर्म करण्याचा विचार मराठी वाचकाला नवा नाही. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी करणारे एकनाथ आपल्याला लहानपणापासून माहीत असतात. ज्यू परंपरेचा भर थोड्या वेगळ्या जागी आहे. अशी दया कुणा संताचा अलौकिक गुण म्हणून सांगितलेली नाही. ती गावच्या कुणाही साध्या माणसाचं कर्तव्य आहे आणि त्या कर्तव्याला नियम आहेत.

बेवारस देहाचा हक्क

हे नियम किती कडक आहेत ते एका उदाहरणावरून दिसतं. ज्यूंच्या महायाजकाला मृतदेहाजवळ जायची सक्त बंदी होती. स्वतःचे आईवडील वारले तरी त्यानं विटाळ लावून घ्यायचा नसे. पण रस्त्यात बेवारस देह दिसला आणि त्याला पुरणारं दुसरं कुणी नसेल, तर तेच काम महायाजकावर येतं. मग मंदिरातला विधी थांबतो, पावित्र्य बाजूला राहतं. आईवडिलांसाठी जे मोडायचं नाही, ते अनोळखी माणसासाठी मोडायचं, कारण आईवडिलांना पुरणारे इतर कुणीतरी असतात.

आणखी एक नियम असा की बेवारस देह जिथं सापडतो ती जागा त्याची होते. रब्बी अकिबा तरुणपणी एक असाच देह उचलून लांबच्या दफनभूमीपर्यंत घेऊन गेले. मोठं पुण्य केलं असं त्यांना वाटलं. गुरूंनी मात्र त्यांना फटकारलं. तो पडला होता तिथंच त्याला पुरायचं होतं, ती जमीन त्याच्या हक्काची झाली होती. जगात ज्याचं कुणी नाही आणि ज्याच्या मालकीचं काही नाही, अशा माणसालाही साडेतीन हात जमिनीचा हक्क आहे.

महाराष्ट्रातल्या ज्यूंना ही शिकवण परकी नाही. कोकणातले बेने इस्राएल आपली कथा नवगावच्या किनाऱ्यापासून सुरू करतात. परंपरा अशी, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांचे देह नवगावातच पुरले गेले. या समाजानं तेलाच्या घाण्यावर काम केलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव मिळवलं, मराठी आपली मातृभाषा केली. आपल्या इतिहासाची सुरुवात मृतांना मिळालेल्या मातीपासून सांगणारा हा समाज मराठीत हेसेदचा वारसा घेऊन जगत आला.

डिसेंबर 1984

बेवारस देहांचं हेच कर्तव्य पुढे एका अख्ख्या शहरावर येऊन पडलं. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकीत मिथाइल आयसोसायनेट होतं. रासायनिक क्रिया भडकली, तापमान आणि दाब वाढत गेला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती; वायू धुऊन निष्प्रभ करणारी आणि तो जाळून टाकणारी यंत्रणाही उपयोगी पडली नाही. सुमारे 40 टन विषारी वायू बाहेर पडला. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत गेला आणि जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड अशा गरिबांच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या छातीत शिरला.

तातडीच्या मृतांचा सरकारी आकडा 2,259 होता. पुढे मध्य प्रदेश सरकारनं 3,787 मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटनांच्या मते पुढच्या वर्षांत मेलेल्यांसह ही संख्या कितीतरी पटींनी मोठी आहे. 2006 साली सरकारनं न्यायालयात सांगितलेला इजा झालेल्यांचा आकडा 5,58,125 होता.

अशा शहरात पहिल्या दोन-तीन दिवसांत मृतांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. हमीदिया रुग्णालयाच्या आवारात देहांच्या रांगा लागल्या. ओळख पटावी म्हणून कपाळांवर क्रमांक चिकटवले गेले, फोटो काढले गेले. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. हीरेश चंद्र, डॉ. डी. के. सत्पथी आणि त्यांचे सहकारी शवविच्छेदन करत राहिले. वायू नेमका कोणता आणि उतारा काय, हे कळायचं तर मेलेल्यांच्या शरीरांनीच ते सांगायला हवं होतं. ज्यांचं कुणी आलं नाही त्यांच्यापैकी कुणाला चितेवर ठेवायचं आणि कुणाला कबरीत, हे अंगावरच्या खुणांवरून ठरवावं लागलं. अनेक घरांत ओळख पटवायलाही कुणी उरलेलं नव्हतं. लाकडं अपुरी पडली तेव्हा एका चितेवर अनेक देह गेले. जागा अपुरी पडली तेव्हा एका कबरीत अनेक देह ठेवले गेले. वस्त्यांतली माणसं, विद्यार्थी, स्वयंसेवक, ज्यांच्या स्वतःच्या डोळ्यांची आग थांबलेली नव्हती, तेच हे देह उचलत होते.

त्या दिवसांतला एक फोटो जगभर गेला. मातीत ठेवलेलं एक लहान मूल, उघडे राहिलेले डोळे, आणि त्याच्या कपाळाजवळची माती हलकेच सारणारा एक हात. रघु राय यांनी तो कृष्णधवल काढला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत; बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ पुरस्कार मिळाला. मूल कुणाचं होतं ते कधीच कळलं नाही. या फोटोकडे पाहताना आपली नजर मुलाच्या चेहऱ्यावर खिळते, आणि ते साहजिक आहे. हेसेदचा विचार समजून घेणाऱ्यानं त्या हाताकडेही पाहावं. मेलेल्या मुलाचं नाव त्या हाताला ठाऊक असण्याची गरज नव्हती. तो जवळ होता, इतकंच त्याला पुरलं.

ज्यांनी देह खर्चला

हेसेद स्वतःच्या देहानंही करता येते, हे तालमूदचं पहिलं माप. भोपाळ रेल्वे स्थानकाचे उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर त्या रात्री ड्यूटीवर होते. फलाटावर प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती. वरून हुकूम येईपर्यंत थांबायचं तर गाडीतल्या माणसांचे जीव गेले असते. त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेऊन ती वेळेआधी सोडली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या रोखण्यासाठी आसपासच्या स्थानकांना कळवलं. त्यानंतर ते स्थानकावरच राहिले आणि फलाटांवर कोसळलेल्या माणसांना मदत मिळवून देत फिरले. त्यांचं कुटुंब त्याच शहरात होतं आणि घरच्यांनाही वायूची झळ बसली. त्यांची स्वतःची प्रकृतीही कायमची बिघडली, आणि 2003 साली ते गेले. त्या गाडीतून सुखरूप निघून गेलेल्या प्रवाशांना आपल्याला कुणी वाचवलं याचा पत्ताही नव्हता. त्यांच्याकडून आभारसुद्धा यायचे नव्हते.

अब्दुल जब्बार यांचे आईवडील आणि भाऊ वायूच्या परिणामांमुळे गेले, त्यांची स्वतःची फुप्फुसं आणि दृष्टी अधू झाली. त्यांनी भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन उभं केलं. शाहजहानी पार्कात दर शनिवारी होणाऱ्या सभांमध्ये हजारो बायका बोलायला शिकल्या, शिवण आणि जरीकाम शिकून कमावू लागल्या. खैरात नको, रोजगार हवा, ही त्यांची मागणी होती. बाराव्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यातली सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये म्हणून त्याला काम मिळवून देणं. जब्बार यांनी ती पायरी भोपाळच्या गल्ल्यांमध्ये प्रत्यक्ष बांधली. 14 नोव्हेंबर 2019 रोजी ते गेले. 2020 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

धातुविज्ञानाचे अभियंता सतीनाथ सारंगी दुर्घटनेनंतर लगेच काही दिवस मदत करायला म्हणून आले आणि भोपाळचेच झाले. त्यांच्या पुढाकारानं 1996 मध्ये सुरू झालेला संभावना ट्रस्टचा दवाखाना वायुपीडितांवर आणि कारखान्याच्या परिसरातलं दूषित पाणी प्यायलेल्यांवर विनामूल्य उपचार करत आला आहे. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी कामगार बायका. एक मुसलमान, एक हिंदू, दोघींचीही घरं वायूनं उद्ध्वस्त केलेली. 2004 मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. सव्वा लाख डॉलरची ती रक्कम त्यांना स्वतःच्या घरासाठी वापरता आली असती. त्यांनी त्यातून चिंगारी ट्रस्ट उभा केला, आणि बाधित वस्त्यांमध्ये अपंगत्व घेऊन जन्मलेल्या मुलांना तिथं उपचार मिळू लागले. या मुलांचा जन्म 1984 नंतरचा. त्यांच्यावर येणारं संकट दोघींनी आपलं मानलं.

रूथचं शिल्प

कारखान्यासमोर जयप्रकाश नगरात एक शिल्प आहे. एका हातानं तोंड झाकून घेतलेली आई, तिच्या कडेवर लेकरू, मागं पदराला धरलेलं दुसरं मूल. 1985 मध्ये ते डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी घडवलं. त्या ज्यू होत्या, आणि त्यांच्या कुटुंबानं नाझींच्या काळातला ज्यूंचा संहार सोसला होता. युरोपात विषारी वायूनं मारलेल्या लाखो माणसांना ना कबर मिळाली ना नाव. त्या दुःखाची वारस असलेली बाई हजारो मैलांवरच्या भोपाळमध्ये येते आणि जिच्याशी आपलं कोणतंही नातं नाही अशा आईला शिल्पात उभी करते.

अंतराचं माप इथं वेगळ्या अर्थानं लागू पडतं. नकाशावर नेदरलँड्स आणि भोपाळ फार दूर आहेत. पण ज्यानं एकदा आपले मृत मातीविना गमावले आहेत, तो दुसऱ्याच्या मृतांच्या सर्वांत जवळ असतो.

दया आणि न्याय

दयेबद्दल बोलताना एक धोका असतो. दया करणाऱ्यांचं कौतुक करता करता गुन्हा करणारा सुटून जातो. भोपाळच्या बाबतीत तसं करणं अन्यायाचं होईल. 1989 मध्ये युनियन कार्बाइडनं 47 कोटी डॉलरवर तडजोड केली. 2010 मध्ये कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतातल्या न्यायालयासमोर कधीच उभे राहिले नाहीत आणि 2014 मध्ये अमेरिकेत मरण पावले. वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2023 मध्ये फेटाळली. कारखान्यात पडून राहिलेला 337 टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये, पीथमपूरला हलवला गेला. कारखान्याभोवतीची दूषित माती आणि जमिनीखालचं दूषित पाणी मात्र अजून तिथंच आहे.

ज्यू धर्मग्रंथांनी दया आणि न्याय यांची फारकत होऊ दिली नाही. मीखा संदेष्ट्यानं माणसाकडून देवाला काय हवं ते सांगताना न्यायानं वागणं आणि हेसेदवर प्रेम करणं ही दोन्ही कर्तव्यं एकाच दमात मांडली. ‘शमुवेल’च्या दुसऱ्या पुस्तकातली रिस्पाची कथा हेच दाखवते. शौल राजाच्या सात वंशजांना सूडापोटी मारून डोंगरावर टांगलं गेलं. त्यांत रिस्पाचे दोन मुलगे होते. ती खडकावर गोणपाट अंथरून बसली. सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत दिवसा तिनं पक्ष्यांना आणि रात्री जनावरांना त्या देहांना शिवू दिलं नाही. सातांपैकी पाच तिचे नव्हते. तिनं सगळ्यांचीच राखण केली. तिच्या या राखणीची बातमी दावीद राजाच्या कानावर गेली. तेव्हा कुठे त्यानं या सातांच्या, आणि त्यांच्याबरोबर शौल व त्याचा मुलगा योनाथान यांच्याही अस्थी गोळा करवून त्यांना त्यांच्या कुळाची माती दिली. सत्तेनं आधी करायला हवं होतं ते एका बाईच्या चिकाटीनं सत्तेकडून करवून घेतलं.

भोपाळच्या बायकांनी तेच केलं. जे वारले त्यांच्या नावानं त्या दशकानुदशकं मोर्चे काढत राहिल्या, दिल्लीपर्यंत पायी गेल्या, न्यायालयांच्या पायऱ्यांवर बसल्या, दवाखान्यांमध्ये शेजारणींना नेत राहिल्या. निरपेक्ष दयेचा सर्वांत कठीण भाग तिथं आहे. एका रात्री देह उचलणं जमून जातं. अंतर मोजून झाल्यावर चाळीस वर्षं त्या देहाच्या बाजूनं उभं राहणं फार थोड्यांना जमतं. जे उभे राहिले त्यांना कोणतंही बक्षीस खुणावत नव्हतं. त्यांनी आपल्या शहराला एक प्रश्न सारखा विचारला, आणि तो आता आपल्या सगळ्यांसमोर आहे. आपल्या जवळ कोण पडलं आहे, आणि त्याला आपण उपाशी, एकटं धाडलं का? या प्रश्नाचं उत्तर देताना हात धुवायचे असतील, तर आधी त्या हातांनी काम केलेलं असायला हवं.